झिजले तेवढेच बदलावे

सरकारी रुग्णालयात फिजिशियनच्या टेबलावर रोज केसपेपरचा एक वेगळा गठ्ठा येतो. त्यावर दुसऱ्या विभागाची चिठ्ठी लावलेली असते : ‘शस्त्रक्रियेसाठी फिटनेस द्यावा.’ मी नोकरीला लागलो तेव्हा या गठ्ठ्यात हर्निया, प्रोस्टेट, पित्ताशयाचे खडे आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया असायच्या. आता त्यात गुडघे भरपूर असतात. बहुतेक रुग्ण साठी ओलांडलेल्या बायका असतात. सोबत रक्तदाब, मधुमेह, वाढलेले वजन आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे जमवलेले एक्स-रे.

मागे अशाच एक मावशी आल्या होत्या. वय अडुसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. एका तपासणी शिबिरात त्यांना सांगण्यात आले होते, की दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या पूर्ण गेल्या आहेत, दोन्ही एकाच वेळी बदलून घ्या. मुलगा कर्ज काढायला निघाला होता. कोणीतरी समजावले म्हणून तो आईला घेऊन आमच्याकडे आला. मी छाती तपासत असताना मावशी म्हणाल्या, “डॉक्टर, दुखतंय ते इथं, आतल्या अंगाला. बाहेरून काहीच नाही. मग अख्खा गुडघा कशाला काढायचा?”

मुलाने त्यांना गप्प केले, “आई, डॉक्टरांना कळतं ना सगळं.” पण प्रश्न अगदी बरोबर होता. गेली पन्नास वर्षे सांधेरोपणाच्या क्षेत्रातील काही मंडळी हाच प्रश्न विचारत आली आहेत आणि आता त्याचे बऱ्यापैकी भक्कम उत्तरही हाती आहे. गुडघ्याचा जो भाग झिजला तेवढाच बदलता येतो. याला अंशतः गुडघेरोपण म्हणतात. ही शस्त्रक्रिया नवी नाही आणि प्रयोगावस्थेतही नाही. तरीही गुडघा बदलायला निघालेल्या शंभर कुटुंबांपैकी किती जणांना या पर्यायाचे नाव तरी सांगितले जाते? माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यावरून सांगायचे, तर फार थोड्यांना.

गुडघा एक, कप्पे तीन

गुडघा हा बिजागरीसारखा एकच सांधा आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यात तीन कप्पे आहेत. मांडीचे हाड आणि नळीचे हाड जिथे भेटतात तिथे एक आतला कप्पा, म्हणजे दुसऱ्या पायाकडचा, आणि एक बाहेरचा. तिसरा कप्पा समोर, गुडघ्याची वाटी आणि मांडीचे हाड यांच्यामध्ये. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. मधे गादीसारख्या दोन चकत्या असतात आणि हाडांना जागेवर धरून ठेवणारे चार मुख्य अस्थिबंध असतात. त्यातले दोन सांध्याच्या आत, एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात.

उभे राहताना आणि चालताना गुडघ्यावर येणाऱ्या भारापैकी निम्म्याहून अधिक भार आतल्या कप्प्यावर पडतो. म्हणून बहुतेकांची झीज तिथे सुरू होते. कूर्चा झिजते, सांध्याची आतली फट कमी होते, पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो. पाय वाकला की आतल्या बाजूवर आणखी भार येतो आणि झीज आणखी वाढते. आपल्याकडे अनेकांच्या पायांची ठेवणच थोडी अशी वाकलेली असते. रुग्ण येऊन सांगतात, ‘गुडघ्यात गॅप पडलाय’ किंवा ‘वंगण संपलंय’. खरे तर फट वाढलेली नसते, ती बुजलेली असते.

या आजाराचे नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात. सगळे सांधे सुजवणाऱ्या आमवातापेक्षा तो वेगळा आहे आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. हा शहरातल्या बसक्या माणसांचाच आजार आहे असेही नाही. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन पाहणी केली. सांधे आणि स्नायूंची दुखणी हे खेड्यातल्या माणसांचे किती मोठे दुखणे आहे, हे त्या कामातून देशापुढे आले. शेतात वाकून काम करणारी, डोक्यावरून पाणी वाहणारी, उकिडवे बसून चूल पेटवणारी बाई या आजारातून सुटत नाही.

पूर्ण आणि अंशतः

पूर्ण गुडघेरोपणात मांडीच्या आणि नळीच्या हाडाची टोके सर्व बाजूंनी कापून त्यावर धातूचे आवरण बसवतात. मधे चिवट प्लॅस्टिकची चकती येते. आतल्या दोन फुली-अस्थिबंधांपैकी पुढचा बहुतेक वेळा काढावाच लागतो, मागचाही अनेकदा जातो. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले गेले, एक २००० साली आणि दुसरा २००१ मध्ये. डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्या शस्त्रक्रिया केल्या. ‘गुडघा बदलता येतो’ ही गोष्ट देशातल्या घराघरांत पोहोचली ती तेव्हा. ती भीती गेली, हे चांगलेच झाले. मात्र गुडघा बदलणे म्हणजे संपूर्ण गुडघा बदलणे, हे समीकरणही तेव्हापासून पक्के झाले.

अंशतः रोपणात झिजलेल्या कप्प्यापुरतेच हाड घासून तिथे छोटे आवरण आणि छोटी चकती बसवतात. उरलेले दोन कप्पे, वाटी आणि चारही अस्थिबंध जागेवर राहतात. गुडघ्याच्या अर्ध्या भागात धातू बसवण्याचे प्रयत्न १९५० च्या दशकातच झाले होते. पण या शस्त्रक्रियेला खरा आकार मिळाला तो ऑक्सफर्डमध्ये. जॉन गुडफेलो हे शल्यचिकित्सक आणि जॉन ओ’कॉनर हे अभियंते. या दोघांनी मधली चकती घट्ट न बसवता सरकती ठेवली, म्हणजे गुडघा वाकताना ती हलते आणि कमी झिजते. त्यांचे रोपण १९७६ मध्ये प्रथम वापरले गेले आणि १९८२ पासून ते केवळ आतल्या कप्प्यासाठी वापरले जाऊ लागले.

त्यांच्या गटाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. पुढचा फुली-अस्थिबंध शाबूत असेल तर झीज आतल्या कप्प्याच्या पुढच्या आणि मधल्या भागातच राहते. तो तुटला, की झीज मागे आणि मग दुसरीकडे पसरते. म्हणजे आजाराचा एक असा टप्पा असतो, ज्यात हाडाला हाड घासते आहे, दुखणे असह्य आहे, पण बाकीचा गुडघा चांगला आहे. अंशतः रोपण याच टप्प्यासाठी आहे.

मराठीत एक अडचण मात्र आहे. ‘अर्धवट’ हा शब्द आपण चांगल्या अर्थाने वापरतच नाही. ‘अर्धवट शस्त्रक्रिया’ म्हटले की नातेवाईक बिचकतात, आपल्या माणसाचे काम अपुरे सोडणार असे त्यांना वाटते. दाताला कीड लागली तर आपण सगळी बत्तिशी काढायला सांगत नाही, हे उदाहरण दिले की पटते.

पुरावा काय सांगतो?

मत आणि पुरावा यांत फरक करायला हवा. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ब्रिटनमधल्या ‘टॉपकॅट’ चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. केवळ आतला कप्पा झिजलेल्या ५२८ रुग्णांना २७ रुग्णालयांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले होते. एका गटात पूर्ण रोपण, दुसऱ्यात अंशतः. पाच वर्षांनी दुखणे आणि हालचाल यांचे गुण दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. दोन्ही गटांना चांगला आराम मिळाला होता. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाणही सारखेच होते. खर्च मात्र अंशतः रोपणात दर रुग्णामागे ९१० पौंडांनी कमी झाला.

त्याआधी २०१४ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय सांधेरोपण नोंदवहीतल्या एक लाखाहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. फिजिशियन म्हणून मला तो अधिक बोलका वाटतो. पूर्ण रोपण झालेल्यांमध्ये पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होणे, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, खोलवर जंतुसंसर्ग आणि रक्त द्यावे लागणे, या सगळ्यांचे प्रमाण अधिक होते. अंशतः रोपणवाले रुग्णालयातून लवकर घरी गेले होते. मृत्यूही त्यांच्यात कमी होते. फिटनेसच्या चिठ्ठीवर सही करताना माझ्या डोळ्यांपुढे याच गोष्टी असतात. अडुसष्ट वर्षांच्या, मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या बाईवर लहान शस्त्रक्रिया करायची की मोठी, हा माझ्यासाठी गुडघ्यापुरता प्रश्न नसतो.

पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अंशतः रोपण काढून पुढे पूर्ण रोपण करावे लागण्याचे प्रमाण आठ वर्षांत दुपटीहून थोडे अधिक होते. संशोधकांनी हिशेब असा मांडला : पूर्ण रोपणाऐवजी अंशतः रोपण केले, तर दर शंभर रुग्णांमागे पहिल्या चार वर्षांत साधारण एक मृत्यू टळेल आणि तीन जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल. दीर्घकाळाचे आकडेही हेच सांगतात. २०१९ मध्येच आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार पूर्ण रोपणांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षे टिकतात, अंशतः रोपणांपैकी सुमारे ७० टक्के.

हा फरक का? एक कारण असे, की उरलेले कप्पे पुढे झिजू शकतात. सरकती चकती क्वचित जागेवरून निसटते. खूप खोल वाकणाऱ्या आशियाई गुडघ्यांत हे अधिक दिसते. दुसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. अंशतः रोपणानंतर दुखत राहिले तर ‘काढून पूर्ण करून टाकू’ असा सोपा मार्ग समोर असतो. पूर्ण रोपणानंतर तेवढेच दुखले तर पुढची शस्त्रक्रिया अवघड असते, म्हणून रुग्णाला ‘सहन करा’ असे सांगितले जाते. पूर्ण गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण पुरेसा समाधानी नसतो, हे अनेक देशांत दिसले आहे. ते दुखणे ‘पुन्हा शस्त्रक्रिया’ या रकान्यात येत नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते शस्त्रक्रिया करणाऱ्या हाताशी निगडित आहे. त्याकडे पुढे येतो.

कोणासाठी, कोणासाठी नाही

प्रत्येक दुखऱ्या गुडघ्यासाठी हा उपाय नाही. दुखणे मुख्यतः एका कप्प्यात हवे. एक्स-रेमध्ये त्या कप्प्यात कूर्चा पूर्ण संपून हाडाला हाड लागलेले हवे. थोडीशीच झीज असताना ही शस्त्रक्रिया केली तर निकाल वाईट येतात. म्हणजे ‘लवकर करून घ्या, लहान ऑपरेशन आहे’ हा सल्ला चुकीचा आहे. फुली-अस्थिबंध शाबूत हवेत, बाहेरच्या कप्प्याची जाडी टिकलेली हवी, पायाचे वाकलेपण हाताने दाब दिल्यावर सरळ होणारे हवे. आमवातासारख्या दाहक आजारात सगळाच सांधा बाधित होतो, तिथे अंशतः रोपण करत नाहीत.

पूर्वी नियम फार कडक होते. १९८९ मध्ये मांडलेल्या निकषांत वय साठच्या वर आणि वजन ८२ किलोच्या आत हवे, असे म्हटले होते. नंतरच्या अनुभवातून वय आणि वजन ही तितकीशी मोठी आडकाठी नाही असे दिसले. ऑक्सफर्डचे तज्ज्ञ तर गुडघेरोपणाला आलेल्यांपैकी निम्म्यांपर्यंत रुग्ण या शस्त्रक्रियेस योग्य असतात असे म्हणतात. इतर अनेक जण इतके पुढे जात नाहीत. पण चाळणी काटेकोर लावली तरी चार-पाच रुग्णांमागे एक जण तरी निघतोच.

हे ठरवायला महागड्या तपासण्या क्वचितच लागतात. नीट काढलेले एक्स-रे पुरतात : उभे राहून समोरून एक, बाजूने एक, वाटीचा एक आणि गुडघ्यावर बाजूने दाब देऊन एक. आडवे झोपवून काढलेल्या एक्स-रेवर गुडघ्याचा निर्णय घेऊ नये, कारण भार नसताना बुजलेली फटही उघडी दिसते. माझ्याकडे येणाऱ्या पिशव्यांत एमआरआय पुष्कळ असतात, उभ्याचा एक्स-रे मात्र शोधावा लागतो.

फायद्यांपैकी एक आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. सगळे अस्थिबंध जागेवर राहत असल्याने गुडघा अधिक वाकतो आणि अधिक आपलासा वाटतो. जिना उतरताना पाय कुठे पडतो आहे याचा अंदाज राहतो. अनेकांना मांडी घालून बसता येते. सर्वांना येईल, असे वचन कोणी देऊ नये. पण जेवायला, पूजेला, भजनाला जमिनीवर बसणाऱ्या समाजात ही लहान गोष्ट नव्हे.

त्याआधीची पायरी

गुडघा बदलण्याआधी, मग तो पूर्ण असो वा अंशतः, जी पायरी चढायला हवी ती बहुतेकांनी चढलेलीच नसते. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये पूर्ण रोपणास पात्र असलेल्या शंभर रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना शस्त्रक्रियेबरोबर व्यायाम, आहार आणि औषधांचा कार्यक्रम दिला, निम्म्यांना केवळ तो कार्यक्रम. शस्त्रक्रियावाल्यांना आराम अधिक मिळाला, हे खरे. पण केवळ व्यायामाच्या गटातल्यांनाही सुधारणा झाली आणि त्यांतल्या साधारण चौघांपैकी एकालाच वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम फुकट आहे. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली सोडायचा. हा व्यायाम रोज, महिनोन्महिने करायचा असतो. आठवड्याने सोडून देऊन ‘व्यायामाने फरक पडला नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. वजनाचा हिशेबही सोपा आहे. एक किलो वजन उतरले, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. हातात काठी धरायला लाज वाटू नये, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

याउलट ज्यावर पैसे जातात त्यातले बरेचसे कुचकामी आहे. झिजेच्या संधिवातात दुर्बिणीने गुडघा ‘साफ करण्या’चा उपयोग खोट्या शस्त्रक्रियेइतकाच होतो, हे अमेरिकेतल्या ह्यूस्टन इथल्या चाचणीने २००२ मध्येच दाखवले. रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट काढून गुडघ्यात टोचण्याचे इंजेक्शन सध्या जोरात आहे. २०२१ मधल्या एका चांगल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत ते मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनहून सरस ठरले नाही. वेदनाशामक गोळ्यांबद्दल तर मी रोजच पाहतो. दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांनी गुडघा शांत होतो आणि मूत्रपिंड जाते.

मग हा पर्याय सांगितला का जात नाही?

इंग्लंडमध्येही गुडघेरोपणांपैकी दहांतल्या एकाच्या आसपास शस्त्रक्रिया अंशतः होतात. म्हणजे कमतरता केवळ आपल्याकडे आहे असे नाही. पहिले कारण शिक्षणाचे. ही शस्त्रक्रिया लहान असली तरी सोपी नाही. पूर्ण रोपणात थोडीफार चूक खपून जाते, इथे दोन-तीन अंशांचा फरकही महागात पडतो. जे शल्यचिकित्सक आपल्या गुडघ्यांपैकी किमान पाचव्या हिश्शात ही शस्त्रक्रिया करतात, त्यांचे निकाल चांगले येतात. वर्षातून एखाद-दुसरी करणाऱ्यांकडे पुन्हा शस्त्रक्रियेचे प्रमाण वाढते. वर सांगितलेले तिसरे कारण हेच. त्यामुळे ज्याला ती शिकायला मिळाली नाही, तो प्रामाणिक माणूस ती टाळतो. यात त्याचा दोष नाही. दोष असेल तर ‘मला येत नाही, पण असा पर्याय आहे, अमुक ठिकाणी विचारा’ हे न सांगण्यात.

दुसरे कारण पैशाचे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत नियामकाने गुडघ्याच्या रोपणांच्या किमतींवर मर्यादा घातली. सरासरी दीड लाखाच्या वर विकले जाणारे नेहमीचे कोबाल्ट-क्रोमियमचे रोपण करांशिवाय ५४,७२० रुपयांवर आले. निर्णय स्वागतार्ह होता. पण रुग्णाचे बिल रोपणावर संपत नाही. दोन्ही गुडघे एकदम, यंत्रमानवाच्या साहाय्याने, तीन दिवसांत घरी, अशा ‘पॅकेज’च्या पाट्या महामार्गांवर लागल्या आहेत. यंत्रमानवाने रोपण अचूक बसवायला मदत होते, हे खरे. पण कोणता गुडघा बदलावा आणि किती, हा निर्णय त्याचा नसतो. हृदयविकार असलेल्या माणसाचे दोन्ही गुडघे एकाच वेळी पूर्ण बदलणे हा तर माझ्या दृष्टीने जुगार आहे. तशा चिठ्ठीवर मी सही करत नाही.

तिसरे कारण नोंदींचे. स्वीडनने गुडघेरोपणांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली. कोणते रोपण, कोणत्या रुग्णालयात, किती वर्षे टिकले, हे तिथे कळते. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या अशाच नोंदवह्यांमुळे एक सदोष कृत्रिम खुबा उघडकीस आला आणि २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवावा लागला. आपल्याकडे सांधेरोपण तज्ज्ञांच्या संघटनेने स्वेच्छेची नोंदवही चालवली आहे. तिचे कौतुकच आहे. पण स्वेच्छेच्या वहीत चांगले निकाल लिहायचा उत्साह असतो, वाईट निकालांचा नसतो. सक्तीची नोंद नसेल तर भारतीय गुडघ्यात, भारतीय बसण्या-उठण्यात कोणते रोपण किती टिकते याचे उत्तर आपण कायम परदेशी आकड्यांतूनच शोधत राहणार.

सरकारी रुग्णालयांनी करावे असे

हे काम सरकारी वैद्यकीय महाविद्यालये करू शकतात. आमच्याकडे रुग्णांची कमतरता नाही आणि जास्त हाड कापल्याने आमचे उत्पन्न वाढत नाही. प्रत्येक विभागातल्या एखाद्या महाविद्यालयात दोन शल्यचिकित्सकांना या शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण द्यावे, उपकरणांचा संच द्यावा आणि आसपासच्या जिल्ह्यांतले योग्य रुग्ण तिथेच पाठवावेत. सगळीकडे थोडे-थोडे करण्यापेक्षा मोजक्या ठिकाणी पुरेसे करणे या शस्त्रक्रियेत सुरक्षित आहे. शासकीय आरोग्य योजनांचे दर असे असावेत, की कमी शस्त्रक्रिया केली म्हणून रुग्णालयाला तोटा होऊ नये. योजनेच्या पैशातून बसणाऱ्या प्रत्येक रोपणाची नोंद सक्तीची करावी. पैसे सरकारचे आहेत, तेव्हा हिशेब मागायला सरकारला कोणाची परवानगी लागत नाही. आणि गुडघ्याच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात शस्त्रक्रियेच्या तारखेआधी तीन महिने व्यायामाची तारीख द्यावी.

रुग्ण आणि नातेवाईकांनीही काही प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. माझ्या गुडघ्याचे किती कप्पे झिजले आहेत? हे उभ्याच्या एक्स-रेवर पाहिले आहे का? अंशतः रोपण माझ्यासाठी का योग्य आहे किंवा का नाही? तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? सहा महिने व्यायाम करून पाहिला तर माझे काही बिघडेल का? गुडघ्याची झीज ही कर्करोगासारखी नसते, इथे दुसरे मत घ्यायला वेळ असतो. या प्रश्नांवर रागावणाऱ्या डॉक्टरकडून गुडघा बदलून घेऊ नये.

शस्त्रक्रिया ठरली, तर माझ्या बाजूची तयारी आधी पूर्ण करावी. साखर आटोक्यात आणावी, रक्त कमी असेल तर भरून काढावे, दातातला किंवा लघवीतला जंतुसंसर्ग बरा करावा, पायाच्या भेगा आणि जखमा भरू द्याव्यात, तंबाखू आणि मशेरी बंद करावी. हृदयासाठी चालू असलेल्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नयेत आणि चालूही ठेवू नयेत, विचारून ठरवावे.

त्या मावशींचे पुढे काय झाले, तेही सांगतो. मी चिठ्ठीवर ‘दोन्ही गुडघे एका वेळी नाहीत’ असे लिहिले आणि अस्थिरोग विभागातल्या सहकाऱ्याला फोन केला. उभ्याचे एक्स-रे काढले. उजव्या गुडघ्यात आतल्या कप्प्यात हाडाला हाड लागले होते, बाकी गुडघा शाबूत होता. डाव्यात झीज मध्यम होती. चार महिने साखर आणि वजनावर गेले. त्यानंतर उजव्या गुडघ्याचे अंशतः रोपण झाले, रक्ताची एकही बाटली लागली नाही. डाव्या गुडघ्याला व्यायाम चालू आहे. तो कधीतरी दुखतो आणि पुढे कदाचित त्याच्याही शस्त्रक्रियेची वेळ येईल. उजवा किती वर्षे टिकेल, याची हमी मी त्यांना दिलेली नाही, कोणीही देऊ शकत नाही.

परवा त्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. मुलगा सोबत नव्हता, एसटीने एकट्याच आल्या होत्या. केसपेपर माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, “मी म्हणत होते ना, आतल्या अंगालाच दुखतंय म्हणून.” म्हणत होत्याच. ते ऐकून घ्यायला फक्त एक एक्स-रे आणि दहा मिनिटे लागली होती.